ग्रहणाच्या माथी मारलेलं पाप

दत्ताराम मूर्ख होता, हे आधीच सांगून टाकतो. शेळ्यांचं त्याच्याइतकं करणारा माणूस मी पाहिला नाही, पण मूर्ख तो मूर्खच! केलं दुसऱ्यानं, आणि गुन्हा कबूल करून बसला हा.

दुबईच्या पलीकडे, खोर फक्कानच्या मागच्या डोंगरात एका अरबाबाचा, म्हणजे मालकाचा, शेळ्यांचा फार्म होता. कणकवलीकडचा दत्ताराम तिथे कित्येक वर्षं एकटाच राबत होता. मी भानुदास, पाण्याचा टँकर घेऊन जायचो. आम्हां दोघांचं मराठी बोलणं काय ते तेवढंच.

नव्व्याण्णवच्या जुलैत बोकड कळपात सोडले. पिल्लं थंडीत व्हावीत म्हणून दरवर्षी तसंच करायचे. ऑगस्ट लागला आणि मॅनेजर विजयकुमार जंताच्या औषधाचा कॅन घेऊन आला.

दत्तारामनं विचारलं, "साब, बकरी अभी गाभन है, चलेगा?"

"तू डॉक्टर है क्या? सबको पिला, डबल डोस. यल्ला, जल्दी!"

मी टँकरचा पाइप धरून उभा होतो, या कानांनी ऐकलंय. कॅनवर इंग्रजीत सूचना होत्या. त्या वाचायची तसदी त्या दीडशहाण्यानं घेतली नाही. दत्तारामला कुठलं आलंय इंग्रजी! त्यानं सगळ्यांना पाजलं.

त्याच सुमारास सूर्यग्रहण आलं. आमच्याकडे ग्रहणात गाभण जनावराच्या पोटाला गेरू फासतात, नाहीतर पिल्लू व्यंग घेऊन येतं म्हणतात. त्या डोंगरात गेरू कुठून आणायचा? दत्ताराम दुपारभर जीव मुठीत धरून शेडमध्ये बसून राहिला.

डिसेंबरात शेळ्या व्यायला लागल्या. एका पिल्लाचे पुढचे पाय वाकडे, दुसऱ्याचा कणा पिळलेला, काही मेलेलीच. जगली त्यांना उभं राहता येईना, आचळापर्यंत पोचता येईना. अरबाब आला, म्हणाला, हे कशानं झालं? विजयकुमार मागे सरकला. आणि आमचे हे सत्यवादी पुढे झाले, "अरबाब, गलती मेरा. ग्रहण में गेरू नहीं लगाया."

अरे, कुणी विचारलं होतं तुला? विजयकुमारला आयतंच सापडलं. "देखा अरबाब, जादूटोना करता है!" अरबाब बिथरला. दत्तारामचा व्हिसा कॅन्सल करायचा हुकूम, खलास. जादूटोण्याचा शिक्का बसलेल्या माणसाला दुसऱ्या फार्मवर तरी कोण उभं करणार होतं?

मी दोन मेलेली पिल्लं गोणत्यात घातली आणि फुजैराला जनावरांच्या डॉक्टर झुबेदाबाईंकडे नेली. त्यांनी पाय चाचपले. पहिलाच प्रश्न, "गाभण राहिल्यावर पहिल्या महिन्यात काय पाजलं?" मी औषधाचं नाव सांगताच त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "औषध वाईट नाही, वेळ वाईट. त्या दिवसांत पोटातल्या पिल्लाचे पाय, कणा घडत असतात. जंतांना मारणारं हे औषध तेव्हा दिलं की ती घडणच बिघडते. शेळी धडधाकट दिसते, पिल्लू वाकडं निघतं. ग्रहणाचा काडीचा संबंध नाही."

माझं डोकंच फिरलं. बाईंना टँकरमध्ये बसवलं आणि थेट फार्म गाठला. त्यांनी अरबाबाला अरबीत सगळं समजावलं. विजयकुमारनं "मिस्टेक हो गया" म्हणून हात झटकले. मिस्टेक! एवढी पिल्लं तडफडली त्याची मिस्टेक! अरबाबानं त्याला चार शब्द सुनावले, बस्स. नोकरी शाबूत. मेल्याला लाज म्हणून वाटली नाही. मग अरबाब दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम रहो."

मला वाटलं, जिंकलो. पण दत्तारामचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो हळूच म्हणाला, "नहीं अरबाब. कॅन्सल करो."

मी ओरडलो, "वेड लागलंय काय तुला? तुझी चूक नाही हे सिद्ध झालं ना आता?"

"ग्रहणानं झालं असं वाटत होतं तोवर बरं होतं रे भानू," तो म्हणाला. "औषध पाजायला विजयकुमारला शेळ्यांनी जवळ तरी येऊ दिलं असतं काय? माझा हात बघून तोंड उघडलं त्यांनी."