वेळेआधीच्या विहीणबाई

या, अशा जवळ येऊन बसा. दारात उभं राहून, अर्धा जीव फोनमध्ये घालून माणसाची गोष्ट ऐकायची नसते, कितीदा सांगायचं? आणि आणखी एक. काळजी करणाऱ्या माणसांना तुम्ही हसता ना, ते खुशाल हसा, मीही पोटभर हसले आहे, पण हसून झालं की लगेच उठून जाऊ नका. पुढचं ऐकून मग जा. तर, या पृथ्वीवर सूर्य सोडला तर आमच्या विहीणबाईंच्या आधी कुठेही कुणी पोचलेलं नाही. सूर्याचंसुद्धा मी छातीठोक सांगणार नाही, कारण तो उगवतो तेव्हा त्या आंघोळ आटोपून, अंबाडा घालून खिडकीशी त्याची वाट बघत बसलेल्या असतात, आणि जरा ढग असले की "आज का बरं उशीर केला याने?" म्हणून त्या अंगणात जाऊन बघून येतात.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. राहायला सांगलीला. मी कित्येक वर्षं इथे हॉलंडात, झूटरमेर गावात आहे. आमचे हे रॉटरडॅमच्या बंदरात एका शिपिंग कंपनीत लागले, त्यांच्यामागून आले ती राहिलेच. लेक इथे वाढली, आयटीतला सांगलीकर नवरा केला आणि माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. लग्न मात्र सांगलीत झालं. आम्ही मुलीकडचे, म्हणजे दारात उभं राहून वरपक्षाचं स्वागत करायचं काम आमचं. सकाळी कार्यालयात पोचलो तर दारात विहीणबाईच गुलाबदाणी घेऊन उभ्या! "या या, दमून आला असाल, चहा घ्या आधी," असं म्हणत त्यांनी आमच्याच अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. आमचे हे तेव्हापासून म्हणतात की त्या लग्नात मुलीकडचे नक्की कोण होते हे अजून ठरायचं आहे. मुंबईच्या विमानतळावर एकदा दारावरच्या जवानाने त्यांचं तिकीट बघून सांगितलं, "मौसी, ये तो कल का है." तर ह्या म्हणाल्या, "मालूम है बेटा, मैं इधर बाजू में बैठती हूँ." आणि बसल्या! इथल्या आमच्या डच शेजारणीने त्यांना वाढदिवसाला बोलावलं. डच माणूस वेळेचा केवढा पक्का, पण शेजारीण अजून बाथरोबमध्येच होती तेवढ्यात ह्या केकचं ताट बघायला हजर. मग दोघींनी मिळून खुर्च्या मांडल्या. शेजारीण आजही विचारते, "ती खुर्च्या लावणारी बाई कधी येणार?"

पण ज्या लवकर येण्याला आम्ही इतकी वर्षं हसलो, ते गेल्या वर्षी अंगाशी आलं. लेकीला दिवस राहिले. बऱ्याच वर्षांनी, दवाखान्याचे उंबरे झिजवून राहिले, त्यामुळे घरात सगळे दबक्या आवाजात बोलत होतो. जावयाने आईचं तिकीट अगदी विचार करून काढलं होतं. बाळंतपणाच्या जरा आधी यायचं आणि मग बाळाला मनसोक्त खेळवून जायचं. पाहुण्यांच्या व्हिसावर इथे सलग तीन महिने राहता येतं, आणि ते संपले की पुढचे तीन महिने परत पाऊल ठेवता येत नाही. हे विहीणबाईंनाही पाठ होतं. पण सांगलीच्या घरात एकट्या बसून त्यांचा डोळ्याला डोळा लागेना. एक दिवस उठल्या, एसटी स्टँडजवळच्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेल्या आणि कुणाला न विचारता तिकीट दोन महिने अलीकडे ओढून आल्या. इथल्या स्किपोल विमानतळावर उतरल्या तेव्हा जावई म्हणाला, "अगं आई, हे काय केलंस?" तर म्हणाल्या, "बाळंतपण म्हणजे काय एसटी आहे होय, फलाटाला लागली की चढायला?" जावई हसला. मग त्याने मनाशी महिने मोजले आणि परत एकदा बोटांवर मोजले. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधीच आईला परत जावं लागणार होतं. तो गेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, विचारून आला, तिथून पाठवलं त्या ऑफिसातही जाऊन आला. सगळीकडे हसून, कॉफी देऊन, नाही म्हणाले.

तेव्हापासून विहीणबाईंची काळजी अशी काही पेटली म्हणता! त्यात इथली पद्धत कळली, की सगळं ठीक असेल तर सुईण घरी येऊन बाळंतपण करते. "आम्ही सुईण सोडून दवाखान्यात गेलो, आणि हे पुढारलेले लोक दवाखाना सोडून सुईणीकडे?" म्हणून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. सून झोपली की तिला हलवून विचारायच्या, "झोप लागली ना गं?" बाळ हललं की काळजी, नाही हललं की काळजी. शेवटी लेक माझ्याकडे येऊन रडायच्या बेताला आली. "आई, प्लीज, त्या खूप चांगल्या आहेत गं, पण दोन दिवस त्यांना कुठेतरी घेऊन जा. मला फक्त झोपायचंय."

रॉटरडॅमला एक मराठी मुलगी आहे. नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली. काही वर्षं घरात बसून कंटाळली आणि आता पोरांकडे आलेल्या आईबापांना लहान गटाने फिरवायचा स्वतःचा धंदा करते. सगळे तिला ताई म्हणतात. तिची ऑस्ट्रियातली तळ्याकाठच्या गावांची सहल निघत होती. विमानाने साल्झबर्गला जायचं, दोन रात्री राहायचं, मधला अख्खा दिवस व्हॅनमधून गावं बघायची. आम्ही सहा म्हातारे, ताई आणि ड्रायव्हर. "दोनच दिवस हो, सुईणसुद्धा म्हणाली सगळं छान आहे," असं करून करून मी विहीणबाईंना नेलं. सकाळी ड्रायव्हर व्हॅनचं कुलूप उघडायला आला, तर ह्या दाराला टेकून उभ्या! हातात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, आणि कुणाचं पोट बिघडलंच तर म्हणून मऊ भाताचे तांदूळ आणि मेतकूट. त्यांचा स्वतःचा फोन हॉटेलच्या कपाटात कुलूपबंद, चोरीला जाऊ नये म्हणून. माझा फोन मात्र त्यांनी वापरून वापरून तापवला. "विहीणबाई, जरा लावा ना. नुसतं विचारा, उठली का म्हणून." लेक उठली होती. मग खाल्लं का. मग पाय सुजलेत का. चौथ्या फोनला लेक म्हणाली, "आई, मला झोपायला तुम्ही लांब गेलात ना?"

हालश्टाट म्हणून गाव आहे. तळ्यात पाय सोडून बसल्यासारखी घरं, खिडकीखिडकीत लाल फुलं, मागे सरळ उभा डोंगर. बघत राहावं असं. आमच्यातले नागपूरचे एक आजोबा तर बायकोला निरनिराळ्या खांबांना टेकवून फोटो काढता काढता घामाघूम झाले. विहीणबाईंनी तळ्याकडे एकदा बघितलं, "छान आहे," म्हणाल्या आणि व्हॅनकडे निघाल्या. मी म्हटलं, "अहो, अजून तासभर आहे." तर म्हणाल्या, "तळं काय पळून जातंय? व्हॅन पळते."

दुपारी दुसऱ्या एका तळ्याकाठच्या गावी, सांक्ट वोल्फगांगला आलो. तिथे पाण्याच्या अगदी काठावर जुनं चर्च आहे, लांबून लोक नवस बोलायला येतात. विहीणबाई चपला बाहेर काढून आत गेल्या, हात जोडले आणि डोळे मिटून इतका वेळ उभ्या राहिल्या, की मलाच घाई झाली. त्यानंतर आम्हाला बोटीने तळ्याच्या एका टोकाच्या गावी जायचं होतं; व्हॅन तिथे येणार होती. ताईने सगळ्यांना बजावलं, आइस्क्रीम खा, फिरा आणि धक्क्यावर भेटा. आम्ही दोघी अर्थातच धक्क्यावर सगळ्यांच्या आधी. एक बोट लागलेली होती. "चला, आलीये तर बसून घेऊ, खिडकीची जागा मिळेल," विहीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, बाकीचे? "ते येतील की मागून. आपण जागा धरू सगळ्यांना." आणि खरंच, त्यांनी चार खुर्च्यांवर दशमीचा डबा, छत्री, माझी शाल आणि स्वतःचा स्वेटर असं सगळं मांडलं. मी मुकाट्याने बसले, कारण मुलाकडच्या विहिणीला ‘उठा’ कसं म्हणायचं? भोंगा वाजला. बोट हलली. धक्क्यावर ताई दोन्ही हात हलवत धावत येताना दिसली, तिच्यामागे नागपूरचे आजोबा, हातात आइस्क्रीम. बोट निघाली ती तळ्याच्या बरोब्बर उलट्या टोकाला.

मी फोन काढला. तो केव्हाच मेलेला. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांना व्हॅनची काळजी नव्हती. "आता पोरीचा फोन आला तर?" एवढंच म्हणाल्या आणि खुर्च्यांवर मांडलेलं एकेक उचलून मांडीवर घ्यायला लागल्या. मीही त्या मेलेल्या फोनचं बटण दाबतच राहिले, खोटं कशाला बोलू. मी हसत होते, पण आई मीच होते ना तिची.

त्या टोकाच्या धक्क्यावर उतरलो. तिकिटं तपासणारा माणूस भला होता. माझ्या डचला त्याने जर्मनमध्ये उत्तर दिलं आणि तरी आम्हाला एकमेकांचं समजलं. त्याने पलीकडच्या धक्क्यावर फोन करून कळवलं आणि बाकाकडे बोट दाखवून आम्हाला बसायला सांगितलं. आम्ही बसलो. समोर शांत पाणी, दोन बदकं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मघाशी देवाकडे एवढं काय मागितलंत?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "काय मागू, तुम्हीच सांगा. लवकर ये म्हणावं तर कच्चं बाळ. तुझ्या वेळेला ये म्हणावं तर मी नाही. नुसतीच उभी राहिले बाई."

मग त्या आपणहूनच बोलायला लागल्या. त्यांच्या वेळी त्यांची आई न्यायला यायची होती, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. "यायच्या आदल्या दिवशी कृष्णेला पाणी चढलं. रस्ता बंद. आई पोचली ती बारशाला. सासरी सगळे चांगलेच होते हो, पण मी आपली कळा देताना दाराकडे बघत होते." पदराने चष्मा पुसला. "पहिल्या बाळंतपणाचा मान आईचा. तो तुमचाच, मी काही मध्ये येणार नव्हते. मी दाराशीच उभी राहिले असते. म्हणून लवकर आले, आणि बघा काय करून बसले."

मी त्यांचा हात धरला. विहिणी आम्ही, इतकी वर्षं एकमेकींना साड्या दिल्या, नारळ दिले, हात असा कधी धरला नव्हता.

व्हॅन आली तेव्हा ताई रागावलेली होती, पण आमची तोंडं बघून नुसतीच "बसा" म्हणाली. नागपूरचे आजोबा म्हणाले, "काय वहिनी, आमच्यासाठी जागा धरून ठेवली म्हणे? पूर्ण तळंच धरून ठेवलं न तुम्ही!" सगळे हसले. विहीणबाईही हसल्या आणि सगळ्यांना दशम्या वाढायला लागल्या. मी आधी ताईच्या फोनवरून लेकीला फोन लावला. ती दुपारभर झोपली होती.

विहीणबाईंचा जायचा दिवस आला. बाळाचा पत्ता नव्हता. त्या दिवशी त्या एकदाही "चला, निघू या" म्हणाल्या नाहीत. सुनेच्या केसांना तेल लावत बसल्या, वेणी घातली, सोडली, परत घातली. शेवटी जावईच म्हणाला, "आई, आता उशीर होतोय." हे वाक्य त्या घरात त्यांना उद्देशून याआधी कधी कुणी बोललं असेल, असं मला वाटत नाही.

त्या गेल्यावर दहा दिवसांनी नात झाली, सुईणीच्या हातावर, घरीच, सुखरूप. कळा चालू असताना मी लेकीच्या उशाशी होते, आणि मधूनच माझी नजर दाराकडे जात होती.

बारसं केलं तेव्हा पाळण्याच्या एका बाजूला मी उभी राहिले. बाळ पाळण्याखालून पलीकडे द्यायचं असतं, पलीकडच्या बाईने घ्यायचं असतं. पलीकडे रॉटरडॅमची ताई उभी होती, आणि तिच्या हातात फोन, फोनमध्ये सांगलीहून विहीणबाई, जरीची साडी नेसून. मी बाळ पुढे केलं तर त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे पसरले. कुणी हसलं नाही. मी बाळ क्षणभर तसंच धरून ठेवलं.

विहीणबाई, हे तुमच्या कानावर जाईलच, म्हणून आता बाकीच्यांना बाजूला ठेवून तुमच्याशी बोलते. तुमचे थांबायचे महिने संपले. जावई तिकीट बघतोय, त्याला ‘हो’ म्हणा. नात मान धरायला लागली आहे, आणि इथल्या थंडीत तिला तेल चोळून, पायांवर आडवी घेऊन, गरम पाण्याने न्हाऊ घालायला हवं. मला खाली बसून ते जमत नाही, माझे गुडघे वाकत नाहीत हो. तुमचे वाकतात. तेवढं करायला या.