किलोमीटरभर खालचं पाणी

मे महिन्याची दुपार होती, डेकवर पाय ठेववत नव्हता. किलोमीटरभर खोलीवरून वर ओढलेल्या नळकांड्यातलं पाणी मी तपासणीच्या बाटल्यांत भरून घेतलं. मासेमारी सोडून यंदाच आमच्या संशोधन जहाजावर आलेल्या गणूकाकांनी उरलेल्या धारेखाली हात धरला, आणि चटका बसल्यासारखा मागे ओढला.

"मॅडम, बर्फ आहे हा! जन्म दर्यात गेला माझा, पण हे ठाऊकच नव्हतं."

मला ठाऊक होतं. वीस वर्षं मी वहीत 'नऊ अंश' लिहीत आलेय, तेही हातमोजे घालून. आज हातमोजा काढून हात धारेखाली धरला. कोपरापर्यंत शिरशिरी गेली. आपण ज्याला समुद्र म्हणतो ती नुसती वरची कोमट साय. खाली सगळा हा, ऊन न पाहिलेला.

"तुम्हीपण पहिल्यांदाच?" काकांनी विचारलं.

मला हो म्हणवेना.