मामाने दगडातून काढलेली ढलपी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. रेल्वेत तीस वर्षं काढली, आणि डहाणू स्टेशनातली भुतंच मला कंटाळून बदली मागून वापीला गेली... असा मी माणूस.

गोष्ट २०१६ची. डहाणूजवळच्या झाई गावचा भिकूमामा, आईचा धाकटा भाऊ, होड्या बांधणारा सुतार. लहानपणी त्याच्या अंगणात लाकडाच्या ढलप्यांचा डोंगर असे – आम्ही भाचरं त्यावरून घसरायचो, अंगाला आठवडाभर ओल्या सागाचा वास. मग फायबरच्या होड्या आल्या, डोंगर गेला. मामाची नजरही अधू झाली. "ज्या दिवशी हाताला लाकूड कळणार नाही," तो म्हणायचा, "त्या दिवशी हा वाकस भंगारात." वाकस म्हणजे लाकूड तासायचं त्याचं हत्यार.

मला दगड जमवायचं वेड. भुजच्या मित्राने अश्मीभूत लाकडाचा हातभर तुकडा दिला होता – करोडो वर्षांपूर्वी दगड झालेलं झाड. पॉलिश-बिलिश काही नाही. साल, गाठी, आतली वर्तुळं जशीच्या तशी. तो घेऊन मी, नालायक माणूस, मामाची गंमत करायला गेलो.

"मामा, ओळख."

त्याने अंगठा फिरवला, थुंकी लावून वास घेतला. "जड आहे रे. खाडीत पडून होतं का?"

"वर्षानुवर्षं," मी थाप ठोकली.

"म्हाताऱ्याला छळू नको," मामी चहा गाळत म्हणाली.

तोवर मामाने वाकस उचललाच. पातं दगडावर तुटलं की त्याला कळणार, हात फसला... आणि वाकस भंगारात.

"मामा, थांब—"

खप्. ना खणकन आवाज, ना ठिणगी. माझ्या पायाशी ढलपी पडली. वळलेली, ओलसर. दाबली तर वाकली. आणि तो वास – क्षणभर मी आठ वर्षांचा होतो.

"होडीला नाही चालायचं," मामा म्हणाला. "कवळं आहे. अजून वाढू द्यायला हवं होतं."

एसटीने डहाणूला पोचेपर्यंत ढलपी खिशात दगड झाली होती. भूगर्भशास्त्राच्या एका मॅडमना दाखवली. "दगड असा वळत नाही," त्या म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, मीही तेच म्हणतोय.

मामा २०१९ला गेला. तोपर्यंत दर रविवारी वाकसाला धार लावत होता. खरं काय ते मी त्याला सांगितलं नाही. स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही... मामाला ते कधी लागलंच नाही. त्याच्या लेखी ते लाकूडच होतं.