वच्छलाबाईंचा शेरा

आमच्या शेजारच्या वच्छलाबाई संभाजीनगरात बहिऱ्या मुलांच्या शाळेत बावीस वर्षं शिकवतात. तिथं मुलं प्रत्येक बाईंना खुणेचं एक नाव देतात. वच्छलाबाईंना ते मिळायला दोन वर्षं लागली, आणि मिळालं तेही कपाळाला आठ्या घालून दाखवायचं! यंदा चिकलठाण्याहून नवी बाई आली, रईसा. तिला आठवड्यातच नाव मिळालं, गालावरच्या खळीला बोट लावायचं.

मी मुद्दाम विचारलं, "काय बाई, खळी लई गोड हाय म्हणं?"

"नाना, तुम्ही गप बसा!"

रईसाला तयार करायचं काम बाईंकडंच होतं. तिला स्वतंत्र वर्ग द्यायचा का, हे बाईंच्या शेऱ्यावर ठरणार होतं. पोरगी तयार झालीय, हे बाईंनाही पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी जळून लिहिलं, "आणखी सहा महिने माझ्या हाताखाली राहावं."

रईसानं ते वाचलं आणि त्यांचा हातच धरला. "शुक्रिया, बाई! एकटीनं वर्ग घ्यायची मला लई धास्ती होती. तुम्ही कसं ओळखलं?"

सोमवारपासून रईसाची खुर्ची बाईंच्याच टेबलाला लागली, आणि वर्गात शिरणारं प्रत्येक पोर आधी तिच्याकडं बघून हसू लागलं.