पेट्रोल आमचं हुतं

फौजेतून पेन्शनीत निघालो आणि साताऱ्यातल्या एका वकिलाची जुनी अँबॅसडर घेतली. पलूसजवळच्या आमच्या गावात तेवढी एकच मोटार, त्यामुळं ती माझी कमी आणि गावाची जास्त. लग्न असो, दुखणं असो, माणूस दारात येऊन म्हणायचा, "गड्या, गाडी काढ." भाडं मी घेतलं नाही आणि फुकट कुणी बसलं नाही. ज्याचं काम त्यानं पंपावर पेट्रोल टाकायचं, हा रिवाज. माझा शेजारी तर लंगोटीयार. पुढच्या सीटवर माझ्याशेजारची जागा त्याचीच.

एकदा तासगावच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं गाडीची अख्खी बाजू सोलून काढली. आम्ही दोघं वाचलो. विम्याचा माणूस चौकशीला आला, गाडीत कोण होतं म्हणाला. शेजारी छाती काढून पुढं झाला. "मी हुतो की. आन फुकट न्हाई बसलो सायेब, पेट्रोल आमचं हुतं!"

त्या माणसानं पेनाला टोपण लावलं. खासगी गाडीत मोबदला घेऊन माणसं नेता, एक पैसा मिळायचा नाही म्हणाला. मी हबकलोच. दोस्ताच्या पेट्रोलला मोबदला म्हणतात हे मला फौजेनं शिकवलं नव्हतं. तोंडाला येईल ते मी शेजाऱ्याला बोललो. "तुझ्या तोंडानं माझा इमा बुडवलास!" बोललो आणि विसरलो. माझा राग असाच, दुधासारखा उतू जातो आणि खाली बसतो.

पुन्हा ही भानगड नको म्हणून आर.टी.ओ.त खेटे घालून गाडीचं टॅक्सी पासिंग केलं. कर वेगळा, विमा वेगळा, टप पिवळा, त्या वेळच्या नियमानं काळी नंबरप्लेट जाऊन पांढरी आली, माझ्या खिशावर बिल्ला आला. पेन्शनीत भागत नव्हतं, तेही आता भागू लागलं. मी खूश होतो. गावातली हाक कमी झाली, याकडं माझं लक्षच नव्हतं.

शेजाऱ्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. वेळ आली की हाक येणार, म्हणून मी टाकी भरून ठेवली होती.

एका सकाळी गावातल्या व्यापाऱ्याला घेऊन सांगलीला निघालो. एस.टी.च्या फाट्याअलीकडं एक बैलगाडी मधूनच चाललेली. मी हॉर्न दाबून धरला, बाहेर तोंड काढून शिवी हासडली. गाडी कडेला झाली, हाकणारा वळला. शेजारी! मागं गोधडीवर त्याची लेक, डोकं आईच्या मांडीवर, पदर दातांत धरलेला. मी ब्रेक दाबून खाली उडी टाकली.

"मोटार दारात उभी हुती की रं! हाक का न्हाई मारलीस?"

तो बैलांकडं बघत म्हणाला, "तू पैसं घेतलं नसतंस. आता तुझं पोट हाय त्या गाडीवर. आन पेट्रोल घालावं, तर तुझा इमा पुन्यांदा बुडायचा."

बैलांच्या गळ्यात घुंगरं नव्हती. माझ्या दारावरून जाताना मला कळू नये म्हणून त्यानं ती काढून ठेवली होती. फौजेत मी पुष्कळ बघितलं, पण त्या मोकळ्या गळ्यांकडं मला बघवेना.

व्यापारी भला माणूस. खाली उतरला आणि बैलांचा कासरा हातात घेतला. पोरीला आम्ही उचलून मागं ठेवली, तिची आई उशाशी बसली. पुढची सीट मोकळी होती, तरी शेजारी मागंच तिच्या पायाशी अंग चोरून बसला. तशी गाडी मी जन्मात हाकली नव्हती.

सांगलीच्या दवाखान्यात पोचल्या पोचल्या पोर बाळंत झाली. मुलगा. एस.टी.ची वाट बघत थांबला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी बाकावर बसून पोरासारखा रडलो.

शेजारी समोर येऊन उभा राहिला. धोतराच्या सोग्याची गाठ सोडत त्यानं विचारलं, "भाडं किती झालं?"

"लाज न्हाई वाटत रं?" मी भर दवाखान्यात ओरडलो आणि नोटा त्याच्याच मुठीत कोंबल्या. त्यानं वाद घातला नाही. लेकीपाशी तिची आई हाय, बैलं लोकांच्या हातात हायत, म्हणाला आणि बाहेर पडला.

मी गाडी त्याच्या मागोमाग नेली, पुढचं दार उघडून धरलं. त्यानं ते दोन्ही हातांनी हळूच लावलं आणि स्टँडवर एस.टी.च्या रांगेत जाऊन उभा राहिला.