दुपारी चारचं ताट

माझ्या बायकोनं एक अख्खा हंगाम दुपारचे चार वाजेपर्यंत पोट रिकामं ठेवून काढला. तिला सातवा महिना लागला होता. आणि ती उपाशी राहिली ते माझ्या खोट्यामुळे. एवढं एक वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली. घरात सांगितलं ते आता, अलीकडे. बाहेर कुणापाशी आजवर बोललेलो नाही. तुमच्यापाशीच का बोलतोय, तेही नीट सांगता येणार नाही.

मी तेव्हा महाडला एका भातगिरणीत इंजिनमिस्त्री होतो. दिवाळीनंतर भात निघालं की गाड्यांची रांग लागायची, आणि दिवसाचं भरडण पुरं पडेना म्हणून मालकानं गिरणी रात्रीचीही सुरू केली. रातपाळी माझ्याकडे आली. आमचं गाव महाडहून नाते गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, सव्वा तासाची चाल. दिवस मावळता निघायचो, सकाळी आठला घरी परतायचो.

तुम्ही कधी अशी पाळी केली आहे का? झोप उलटी झाली की भूकही उलटी होते — हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरून नेलेली भाकरी नऊलाच संपायची. पहाटे चारला पोटात आग पडायची. आणि दुपारी, घरातली माणसं जेवायच्या वेळेला, मी मेल्यासारखा पडलेला. उठलो की तोंड कडू, जिभेवर बुरशी चढल्यासारखी, भुकेचा पत्ता नाही. शरीर घड्याळ विसरतं. पण घर विसरत नाही — आमच्या घराचं घड्याळ तर माझ्या ताटावर चालायचं. मी जेवल्याशिवाय इंदूनं, माझ्या बायकोनं, जेवायचं नाही, ही आईची रीत. आई स्वतः बाराला जेवून घ्यायची. तिला कोण बोलणार?

गिरणीत धर्मा नावाचा हमाल होता. बौद्धवाडीतला — आमची माणसं तेव्हा त्या वस्तीचं जुनंच नाव घ्यायची. चवदार तळ्यावरून आमच्या गावात काय काय बोललं जायचं, ते महाडकडच्या माणसाला सांगायला नको. मालक हमालांना कण्या द्यायचा. धर्मा तुसाच्या शेगडीवर पहाटे त्या कण्या शिजवायचा, वर सुकट भाजायचा. त्या वासानं मी वेडा व्हायचो. चार दिवस मी लांब बसलो. पाचव्या दिवशी तोच म्हणाला, "मिस्त्री, इंजिनाला टायमावर तेल पाजता, आन् सोताच्या पोटात काय हवा भरता? या हिकडं."

मी गेलो. केळीच्या पानावर त्यानं भात वाढला. इतकं चवीनं मी आयुष्यात जेवलो नव्हतो. मग रोजच जेवू लागलो. तो हसायचा, "कुनाला सांगू नका हां मिस्त्री, नायतर तुमची आय दोघांनाबी नदीत बुडवंल — मला माराया, तुमाला शुद्ध कराया!" मीही हसायचो. आणि खरंच कुणाला सांगितलं नाही.

आता पुढचं लिहायचं तर हात थांबतो.

पोट भरलेलं, डोळ्यांवर झोप — असा मी घरी पोचायचो. इंदूनं पाटापुढे ताट मांडलेलं असायचं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, गरम. मी म्हणायचो, "आत्ता नको. आधी झोपतो, उठल्यावर जेवीन." आई विचारायची, "रे, रातभर उपाशी होतास?" मी हो म्हणून मान हलवायचो. खाटेवर पडलो की दगड. चारला उठायचो, चार घास चिवडायचो, आणि मग त्याच ताटावर इंदू जेवायला बसायची. पहाटे पाचला उठून कोरा चहा प्यालेली, पाणी भरलेली, गोठा झाडलेली बाई — तिचा दिवसाचा पहिला घास चारला. रोज.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तिचे ओठ पांढरे पडलेले दिसत होते. भीती होती, हे खरं. धर्माच्या हातचं खातो असं कळलं असतं, तर आईनं आणि भावकीनं मला अंगणातही उभं केलं नसतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण भीतीनं एवढंच होतं की कुठे जेवलो ते बोलता आलं नसतं. जेवलो, एवढं तर बोलता आलं असतं ना? बाजारातून चार केळी घेऊन खाल्ली, असं म्हणता आलं असतं. म्हणालो नाही.

का — तेच आज सांगायचं आहे. मला ते आवडत होतं. मी खाटेवर पडायचो, आणि पलीकडे चुलीपाशी कुणीतरी माझ्यासाठी उपाशी बसलं आहे, ही जाणीव झोपेत शिरताना गोड लागायची. भरल्या पोटी गोड लागायची. याहून वाईट मला स्वतःबद्दल काही ठाऊक नाही.

माघात ती हंडा घेऊन दारातच कोसळली. गाडीत घालून महाडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला विचारलं, "बाई, जेवता किती वाजता?" आईच बोलली, "हिला खायची अक्कलच नाय डाक्टर. जिभेचे चोचले." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तिथे तरी? तिथे तरी मी बोलायला हवं होतं ना? मी म्हणालो, "मी रात्रभर काम करून चारलाच जेवतो, डॉक्टर. मी नाही कुठे पडत."

इंदूनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. खालीच पाहत होती. आईला मात्र माझा अभिमान वाटला. तिनं ते वाक्य गावभर नेलं — माझा लेक उपाशी राबतो, आणि सुनेला खायची अक्कल नाही. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. जगली. अजूनही अंगानं बारीक आहे. ते त्या उपासामुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तसं नाही, हेही मी म्हणू शकत नाही. इंदूला मात्र तेव्हापासून पोटाचं दुखणं लागलं ते लागलंच.

धर्मा पुढे एकदा बाजारात भेटला. "वैनी बऱ्या हायत ना?" त्यानं विचारलं. बरोबर आई होती. मी त्याला ओळख दिली नाही. पुढे तो मुंबईला गेला असं ऐकलं.

आई गेली. गिरणीत विजेची मोटार आली, रातपाळी संपली. आता मी सगळ्यांसारखा रात्री झोपतो, बाराला जेवतो. वाटलं, मिटलं सगळं.

गेल्या महिन्यात इंदूची भाची सुमन आली होती, पोलादपुराहून. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी दिली आहे तिला. पहिलटकरीण. दुपारची वेळ, मी ओटीवर, त्या दोघी माजघरात. सुमन म्हणत होती, सासरी पुरुष रानातून येईपर्यंत उपाशी बसावं लागतं. इंदू म्हणाली, "तसं करू नको गो. खाऊन घेत जा. मला मेलीला खायची अक्कल नव्हती, म्हनून पोर अशी झाली."

म्हणजे तिनं ते खरं धरलं होतं. आईनं म्हटलेलं, मी म्हणू दिलेलं. बारा वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती — आणि मी तिच्या शेजारी जेवत होतो.

मी उठून माजघरात गेलो. सुमन बाहेर जायला निघाली, तिला बस म्हटलं. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. धर्मा, कण्या, सुकट, रोजची पहाट. डॉक्टरांपुढचं वाक्य. आणि ते गोड लागणंही.

इंदूनं निवडायच्या तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्यांच्या हातचं खाल्लंत, त्याचं मला काय नाय. पन 'मी जेवलो' एवढंच बोलायचं व्हतं. मी जेवले असते."

मी म्हणालो, "हो. तू जेवली असतीस. तुला अक्कल होती, इंदू. पोटभर जेवून तुला उपाशी बसवलं ते मी, आणि चारचौघांत तुझ्यावर ढकललं तेही मीच. माझं चुकलं."