नाकाची नस

चाकण चौकात रिक्षा अशी अडकली की, लातूरहून इथवर लवकर पोचलो, असं वाटायला लागलं. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसगाड्या, मधे आम्ही. निघोज्यात उतरेपर्यंत कपाळावर धुळीचा लेप बसला होता.

दारात दाजी उभे होते, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. "आलात व्हय पाव्हणं!" म्हणाले, पण चेहऱ्यावर हसू नाही. उजवा हात मांडीपाशी थरथरत होता. सोमवारी त्यांच्या मानेचं ऑपरेशन ठरलेलं. हाताला मुंग्या येतात म्हणून काढलेल्या एमआरआयमध्ये मानेतली नस दबलेली दिसली आणि गावानं निकाल देऊन टाकला, नस मोकळी झाली की हात पहिल्यासारखा! दाजींची सगळी भिस्त त्यावर. अक्काला मात्र धाकधूक. एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून तिनं मला बोलावून घेतलं होतं.

नस हा इकडचा हुकमी शब्द. कंबर धरली, नस. पायाला मुंग्या, नस. दाजी म्हणाले, "घाटात (बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर) पडलो व्हतो, तवाच दबली आसंल."

जेवायला मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी, नावालाच मास) आणि झणझणीत रस्सा. वास अख्ख्या आळीत सुटलेला. मी दोनदा रस्सा मागून घेतला. दाजी मुकाट्यानं जेवले.

दुसऱ्या दिवशी चिंचवडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दाजींना बोटं आपटायला लावली, चालवून बघितलं. चालताना उजवा हात हलतच नव्हता. मग विचारलं, "काका, वास येतो का?"

"कुठला वास!" अक्काच बोलली. "कुकर करपला तरी यांना पत्ता नसतो."

"मंग नाकाची बी नस दबली आसंल," दाजी म्हणाले. मी फस्सकन हसलो.

बाई हसल्या नाहीत. "मानेतली नस नाकाला जात नाही, काका."

मग त्यांनी सावकाश उलगडून सांगितलं. नस दबलीय हे खरं, हाताच्या मुंग्या तिच्याच. पण थरथर, मंदावलेली हालचाल, गेलेला वास, हे मेंदूतून येतंय. हा पार्किन्सन आहे. एकामुळे दुसरं झालेलं नाही, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलंय. "ऑपरेशननं थरथर थांबणार नाही. मानेची घाई नाही. हा आजार पुरता जात नाही, पण गोळ्यांनी हालचाल सुधारते."

"मंग सोमवारी न्हाई जायचं?" दाजींचा आवाज एवढासा झाला. अक्का माझा हात घट्ट धरून बसली होती.

निघायच्या दिवशी दाजी मला गाडीपर्यंत सोडायला आले. धीर द्यावा म्हणून मी तोंड उघडलं, तर तेच बोलायला लागले.

"पाव्हणं, वरीसभर शर्टाची बटणं लावाय येळ लागायचा. समदी म्हणायची, आळस भरलाय. तुमची अक्का बी. मला बी तेच खरं वाटाय लागलं व्हतं." मग शर्टाच्या वरच्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, "आळस न्हवता तो."

गाडी लातूरच्या रस्त्याला लागली तरी मला चैन नव्हतं. आजाराचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त वाटत होतं ते ह्याचं, की एवढा कामाचा माणूस वर्षभर मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावत बसला होता.